पाणी गेले कोठे?

मालवणहून कुडाळकडे जाणाऱ्या रस्त्यावर धामापूर हे गाव लागते. दाट झाडीचे डोंगर, त्यांच्या कुशीत पसरलेले निळेशार तळे आणि तळ्याच्या काठी भगवतीदेवीचे मंदिर, असे या गावाचे रूप आहे. डोंगरांमधून वाहून जाणारे पाणी बांध घालून अडवावे आणि ते शेतीबागायतीला पुरवावे, या हेतूने इ. स. १५३० च्या सुमारास हे तळे बांधले गेले, असे सांगतात. २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान दिला.

तळे राखणाऱ्याला एक प्रश्न सदैव मनात बाळगावा लागतो. पाणी कमी झाले, तर ते गेले कोठे? काही पाणी उन्हाने आटते, काही पाटाने शेतात जाते. हे जाणे अपेक्षितच असते. परंतु भर उन्हाळ्यात सभोवतालचे गवत वाळून गेले असता बांधाच्या पायथ्याशी एकाच जागी ते हिरवेगार दिसले, तर जाणता माणूस तेथे थांबतो आणि खाली वाकून पाहतो. तेथे पाणी वाहताना दिसत नाही. पण ते झिरपत असल्याची खूण त्याने मागे ठेवलेली असते.

हाच प्रश्न कधीकधी मोटारगाडीविषयीही विचारावा लागतो. समजा, मुंबईत नोकरी करणाऱ्या धामापूरच्या एका तरुणाने हौसेने एक जुनी, दोन आसनांची, वेगवान मोटार विकत घेतली. अशा गाडीला 'स्पोर्ट्‌स कार' म्हणतात. ती ठेंगणी असते, वजनाला हलकी असते आणि तिचे इंजिन तिच्या आकाराच्या मानाने जोरकस असते. कोकणाला अशी गाडी अगदीच अपरिचित नाही. शेजारच्या गोव्यात १९९८ साली 'सॅन स्टॉर्म' नावाची दोन आसनांची छोटी गाडी तयार होऊ लागली होती. तिचे बाह्यांग फायबरचे असून तिला रेनॉ या फ्रेंच कंपनीचे ११४९ घनसेंटिमीटरचे इंजिन बसवलेले असे. तिचे उत्पादन आता बंद झाले आहे. तरुणाची गाडी कोणत्याही कारखान्याची असो. ती बरीच वर्षे वापरलेली होती आणि तिच्या पूर्वायुष्याची त्याला फारशी माहिती नव्हती, एवढेच येथे महत्त्वाचे.

दिवाळीच्या सुट्टीत तो गाडी घेऊन गावी निघाला. महामार्गावरील एका लांब चढावर इंजिनाचे तापमान दाखवणारा काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकू लागला. त्याने गाडी थांबवली, इंजिन बंद केले आणि पुष्कळ वेळ वाट पाहून मग बाटलीतले पाणी घातले. गाडी निघाली. पुढे पुन्हा तसेच झाले. धामापूरला पोहोचेपर्यंत त्याने तीनदा पाणी घातले होते. आठ दिवसांनी त्याला फोंडाघाट चढून कोल्हापूरला जावयाचे होते. घाटात इंजिन तापले तर काय होईल, या चिंतेने त्याने जवळच्या बाजारपेठेतील एका वृद्ध मिस्त्रीला बोलावून आणले.

मिस्त्री काय करतो हे पाहण्यापूर्वी इंजिनाला पाणी का लागते, हे समजून घेतले पाहिजे. पेट्रोल जळते तेव्हा इंजिनाच्या नळकांड्यांत प्रचंड उष्णता उत्पन्न होते. ठोकळमानाने तिच्यापैकी एक तृतीयांश उष्णतेचेच रूपांतर गाडी चालवण्याच्या कामात होते. एक तृतीयांश धुराबरोबर निघून जाते. उरलेली एक तृतीयांश उष्णता इंजिनाच्या धातूत साठू लागते. ती सतत काढून घेतली नाही, तर वंगणाचे तेल आपले काम करीनासे होते, धातू फुगतो, भाग वाकतात आणि अखेर इंजिन जागच्या जागी अडकून बसते.

काही इंजिने वाऱ्यानेच थंड होतात. बुलेट मोटारसायकलच्या जुन्या इंजिनावर आडव्या पात्यांसारख्या कडा दिसतात. त्या कडांमुळे धातूचा अधिक पृष्ठभाग वाऱ्याला लागतो आणि उष्णता लवकर निघून जाते. पोर्शे कंपनीची '९११' ही प्रसिद्ध वेगवान मोटारसुद्धा १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत वाऱ्यावरच थंड होत असे. परंतु बहुतेक मोटारींत हे काम पाणी करते. नळकांड्यांभोवतीच्या पोकळीतून पाणी फिरते आणि उष्णता घेते. एक पंप त्याला पुढे ढकलतो. रबरी नळीतून ते गाडीच्या नाकाशी बसवलेल्या रेडिएटरमध्ये जाते. तेथे बारीक नळ्या आणि पातळ पत्रे यांमधून वारा वाहतो, पाणी थंड होते आणि पुन्हा इंजिनाकडे परतते. या वाटेवर थर्मोस्टॅट नावाचे एक दार असते. त्यात मेण भरलेले असते. इंजिन थंड असताना दार बंद राहते. तापमान सुमारे ८० ते ९० अंशांवर पोहोचले, म्हणजे मेण वितळून फुगते, दार ढकलले जाते आणि रेडिएटरची वाट मोकळी होते.

या फिरत्या पाण्यात एथिलीन ग्लायकॉल नावाचा द्रव आणि गंज रोखणारी काही रसायने मिसळतात. या मिश्रणाला मिस्त्री लोक 'कूलंट' म्हणतात. लडाखसारख्या थंड प्रदेशात ते गोठत नाही, उष्ण प्रदेशात साध्या पाण्यापेक्षा उशिरा उकळते आणि आतील धातूला गंजू देत नाही. ते चटकन ओळखता यावे म्हणून त्याला हिरवा, तांबडा किंवा निळा रंग दिलेला असतो.

आता आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. महाबळेश्वरच्या उंचीवर हवेचा दाब कमी असल्यामुळे ते सुमारे ९५ अंशांवरच उकळते. याच्या उलट, पाण्यावरील दाब वाढवला तर ते अधिक तापमानापर्यंत उकळत नाही. स्वयंपाकघरातील प्रेशर कुकर याच तत्त्वावर चालतो. रेडिएटरचे झाकणही कुकरच्या शिट्टीसारखेच आहे. त्यातील स्प्रिंग दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम इतका दाब आत राखते. त्यामुळे साधे पाणीसुद्धा सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. दाब त्याहून वाढला, की झाकण किंचित उचलले जाते आणि जास्तीचा द्रव शेजारच्या बाटलीत जातो. इंजिन निवल्यावर तो परत आत ओढला जातो.

म्हणूनच तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडणे अत्यंत धोक्याचे आहे. झाकण सैल होताच दाब एकदम नाहीसा होतो, १०० अंशांहून अधिक तापलेला द्रव तत्क्षणी उकळतो आणि वाफेसह कारंज्यासारखा बाहेर उसळतो. त्याने हात आणि चेहरा भाजून निघतो. इंजिन पूर्ण निवेपर्यंत, मग त्यासाठी तासभर थांबावे लागले तरी, झाकणाला हात लावू नये. अतिशय तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणीही ओतू नये. धातूला तडा जाण्याची भीती असते.

मिस्त्री आला तेव्हा गाडी खळ्यात उभी होती. तरुण नुकताच तिच्यातून फेरी मारून आला होता. गाडीखाली पाण्याचे लहानसे थारोळे साचले होते. "काका, गळती सापडली!" तरुण म्हणाला. मिस्त्रीने त्या थारोळ्यात बोट बुडवले. पाणी बेरंग होते. त्याला वास नव्हता आणि बोटांना बुळबुळीतपणा लागला नाही. "गाडीतली थंड हवा चालू केली होतीस ना?" त्याने विचारले. तरुणाने मान डोलावली. गार पाण्याच्या तांब्यावर बाहेरून थेंब जमतात, तसेच कोकणातील दमट हवेतील बाष्प वातानुकूलन यंत्राच्या गार नळ्यांवर जमते आणि खाली ठिबकते. ते पाणी गळतीचे नव्हते. कूलंट असते तर ते रंगीत, किंचित तेलकट आणि गोडसर वासाचे लागले असते.

तरुण काहीसा निराश झाला. "मग आणखी पाणी घालून जपून चालवली तर?" त्याने विचारले. मिस्त्री हसून मालवणीत म्हणाला, "झिला, पाणी घालूक कोणाक पण येता. ता पाणी जाता खंय, ता बघूक व्हया." पाणी कोणालाही घालता येते, ते जाते कोठे हे पाहिले पाहिजे, असा त्याचा अर्थ. वारंवार साधे पाणी घातल्याने कूलंट पातळ होते, आतून गंज चढू लागतो आणि मूळ दोष तसाच राहून वाढत जातो.

इंजिन निवेपर्यंत मिस्त्रीने कशालाही हात लावला नाही. नंतर त्याने शेजारची बाटली पाहिली. ती अर्धी भरलेली होती. तेवढ्यावर समाधान न मानता त्याने झाकणावर फडके टाकले आणि ते हळूहळू उघडले. आत रेडिएटर बराच रिकामा होता. बाटली भरलेली दिसली म्हणजे रेडिएटर भरलेला असतोच असे नाही, हे तरुणाला तेव्हा कळले. मिस्त्रीने रेडिएटर काठोकाठ भरला, बाटलीतील पातळीवर पेन्सिलीने एक रेघ ओढली आणि गाडीखाली कोरा पुठ्ठा पसरला. "उद्या सकाळी पाहू," असे म्हणून तो गेला.

सकाळी पुठ्ठा कोरडा होता. बाटलीतील पातळीही रेघेवरच होती. तरुणाला वाटले, गळती आता नाहीच. परंतु यावरून मिस्त्रीने निराळाच निष्कर्ष काढला. गाडी थंड असताना पाणी जात नाही, याचा अर्थ ते इंजिन तापल्यावर आणि आतील दाब वाढल्यावर जाते. म्हणून इंजिन न तापवता केवळ दाब निर्माण करून पाहणे आवश्यक होते. त्यासाठी त्याच्याकडे एक हातपंप होता. सायकलच्या पंपासारखा तो दिसे आणि त्याला दाब दाखवणारा काटा बसवलेला होता.

प्रथम त्याने झाकणच पंपाला जोडून तपासले. नेमून दिलेला दाब येण्यापूर्वी, निम्म्यावरच त्यातून हवा सुटू लागली. झाकणाची स्प्रिंग जुनी होऊन ढिली पडली होती. त्यामुळे पाणी १२० अंशांऐवजी सुमारे ११० अंशांवरच उकळत होते, चढावर उसळून बाटलीत जात होते आणि बाटली भरली की रस्त्यावर सांडत होते. गळतीचे एक कारण सापडले. तरुणाने उत्साहाने विचारले, "मग नवे झाकण बसवले की झाले?"

येथेच मिस्त्रीचा खरा शहाणपणा दिसून आला. त्याने पंप रेडिएटरच्या तोंडाला जोडला, दाब पूर्ण चढवला आणि तो काट्याकडे पाहत बसला. दहा मिनिटांत काटा थोडा खाली उतरला. आतला द्रव अजून कोठून तरी बाहेर पडत होता. दोष एक नव्हता; दोन होते.

मग त्याने वरपासून खालपर्यंत आणि पुढून मागे असा क्रमाने शोध सुरू केला. आधी रेडिएटर पाहिला. त्याचे पत्रे आणि सांधे कोरडे होते. नंतर वरची व खालची रबरी नळी दाबून पाहिली. त्या ठीक होत्या. पाण्याच्या पंपाखाली एक बारीक छिद्र असते. पंपाच्या आतील बूच झिजले, तर पाणी त्या छिद्रातून बाहेर येऊन आधीच सूचना देते. तेही कोरडे होते. गाडीतील पायपोस त्याने उचलून पाहिले. काचेवरील धुके घालवण्यासाठी गरम हवा देणारा एक लहान रेडिएटर गाडीच्या आत बसवलेला असतो. तो गळत असेल तर पायपोस ओले होतात आणि आत गोडसर वास येतो. तसेही काही नव्हते.

शेवटी त्याने बॅटरी आणि लहानसा आरसा घेतला. इंजिनाच्या मागील बाजूस हात जेमतेम शिरेल अशी अरुंद जागा होती. आरशात त्याला एका नळीच्या सांध्याभोवती पांढरट हिरवी खपली दिसली. वाळलेल्या कूलंटची ती खूण होती. दाब चढवल्यामुळे त्या खपलीवर एक इवलासा थेंब उभा राहिला होता. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेने नळीवरची क्लिप गंजली होती आणि खालचे रबर फुगून त्याला चिरा पडल्या होत्या. गाडी चालताना तेथून निघालेला थेंब तापलेल्या इंजिनावर पडून लगेच वाळत असे. म्हणूनच जमिनीवर त्याचा मागमूस राहत नव्हता. बांधाच्या पायथ्याशी हिरवे गवत दिसावे, तशी ती खपली होती.

नुसते नवे झाकण बसवले असते, तर काय झाले असते? आतील दाब पूर्वीच्या दुप्पट झाला असता. निम्म्या दाबाखाली थेंब थेंब गळणारी ती जीर्ण नळी पूर्ण दाबाखाली फोंडाघाटाच्या चढावर फुटण्याचा मोठा संभव होता. अर्धवट शोधाने दोष झाकला जातो, आणि झाकलेला दोष उघड्या दोषापेक्षा अधिक धोक्याचा असतो. गळती बुजवणारी पूड रेडिएटरमध्ये टाकून जुनी गाडी विकणारे लोकही असतात. त्या पुडीने छिद्र काही दिवस बुजते, परंतु रेडिएटरच्या बारीक नळ्याही तिने तुंबतात.

इंजिन अनेकदा तापल्यामुळे त्याला आतून इजा झाली आहे काय, हेही पाहणे जरूर होते. इंजिनाचा वरचा भाग आणि खालचा भाग यांमध्ये गॅस्केट नावाचे पातळ पत्र असते. ते जळाले, तर पाणी नळकांड्यांत किंवा तेलात शिरते. अशा वेळी धुरांड्यातून पांढरा धूर सतत येतो, तेल दुधाळ दिसते आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे उठतात. मिस्त्रीने तेलाची पट्टी काढून पाहिली. तेल स्वच्छ होते. एका विशिष्ट निळ्या द्रवातून त्याने रेडिएटरमधील हवा ओढून घेतली. जळालेल्या पेट्रोलचा वायू तिच्यात असता, तर तो द्रव पिवळा झाला असता. तो निळाच राहिला. काटा वर चढताच तरुणाने प्रत्येक वेळी गाडी थांबवली होती, म्हणून इंजिन वाचले होते.

काही वेगवान गाड्यांत इंजिन आसनांच्या मागे असते आणि रेडिएटर पुढे असतो. त्यांत पाण्याच्या लांब नळ्या गाडीच्या तळाखालून जातात, म्हणून तेथे शोधही लांबवर करावा लागतो. गळती अगदीच दडलेली असेल, तर कूलंटमध्ये चमकणारा रंग मिसळून जंबुपार किरणांच्या दिव्याखाली पाहतात. साधने बदलतात, पण रीत तीच राहते. सोप्या तपासणीपासून आरंभ करावा, एका वेळी एकच गोष्ट तपासावी, आणि एक कारण सापडले तरी शोध पुरा होईपर्यंत थांबू नये.

नळी बदलण्यापूर्वी मिस्त्रीने जुना द्रव एका डब्यात काढून घेतला. घरचा कुत्रा वास घेत जवळ आला, तेव्हा त्याने त्याला हाकलले आणि डब्याचे झाकण घट्ट लावले. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते, परंतु ते विषारी आहे. ते थोडेसे पोटात गेले तरी कुत्र्या-मांजरांचा जीव जातो. माणसालाही ते घातक आहे. "हा द्रव पऱ्ह्यात ओतू का?" असे तरुणाने विचारले असता मिस्त्रीने झाडीकडे बोट केले. झाडीपलीकडे तळे होते. पऱ्ह्याचे पाणी उतरत उतरत शेवटी तेथेच जाते. तो बंद डबा गॅरेजात नेऊन रीतसर विल्हेवाटीसाठी देण्याचे ठरले.

नवी नळी, नवी क्लिप आणि नवे झाकण बसवून झाले. निम्मे शुद्ध पाणी आणि निम्मे कूलंट असे मिश्रण भरले. आत अडकलेली हवा इंजिन चालू ठेवून बाहेर काढली. इंजिन निवल्यावर मिस्त्रीने पुन्हा पंप जोडला आणि दाब चढवला. दहा मिनिटे झाली, वीस मिनिटे झाली. काटा हलला नाही. बाटलीवर त्याने नवी रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी तरुण गाडी घेऊन कुडाळपर्यंत जाऊन आला. संध्याकाळी इंजिन पूर्ण निवल्यावर त्याने स्वतः खाली वाकून पाहिले. द्रवाची पातळी बरोबर रेघेवर होती.